'आनंदाचे रसायन' : एका सोप्या वाक्याची तपासणी

अनेक शाळांतील शिक्षकांच्या खोलीत किंवा प्रयोगशाळेच्या भिंतीवर हल्ली एक रंगीत तक्ता दिसतो. त्यावर मेंदूचे चित्र आणि चार कप्पे असतात : डोपामिन, सेरोटोनिन, ऑक्सिटोसिन आणि एंडॉर्फिन. मथळा असतो 'आनंदी संप्रेरके'. खाली, बहुधा लाल अक्षरांत, ताणाचा पाचवा कप्पा असतो. ताण वाढला की डोपामिन कमी होते आणि माणूस उदास होतो, असे तेथे लिहिलेले असते. मानसिक आरोग्यावरील व्याख्यानांतूनही हेच वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येते.

हा तक्ता मुळापासून वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. मनाचे दुखणे ही बाहेरची बाधा नव्हे, स्वभावाचा दोषही नव्हे; त्याला शरीरात काही आधार आहे, ही गोष्ट तो गावोगाव पोहोचवतो. हे काम लहान नाही. परंतु त्यावरील वाक्य जितके सोपे आहे तितकेच ते चुकीचे आहे, आणि या चुकीची किंमत सगळीकडे सारखी नसते. धाराशिव जिल्ह्यात ती अधिक मोजावी लागते, असे आम्हाला वाटते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबर त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावेही दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. त्या पहाटे दहा वर्षांचे असलेले मूल आज चाळिशी ओलांडून गेले आहे आणि त्याची मुले शाळेत आहेत. पुढे २०१२ नंतरच्या काही वर्षांत दुष्काळामागून दुष्काळ आले. २०१५ साली राज्य शासनाने शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी 'बळीराजा चेतना अभियान' प्रायोगिक स्वरूपात सुरू केले, ते यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. २०२५ च्या सप्टेंबरात याच दुष्काळी जिल्ह्यातील परंडा आणि भूम तालुक्यांनी महापूर पाहिला. येथील वर्गात 'ताण' हा शब्द फळ्यावर लिहिला, तर त्याचा अर्थ मुलांना पाठ्यपुस्तकात शोधावा लागत नाही. म्हणूनच तक्त्यातील वाक्य येथे टिकते का, हे पाहायला हवे.

पहिला प्रश्न असा की, डोपामिन हे आनंदाचे रसायन आहे काय?

या शोधाची एक वाट आपल्याच देशातून जाते. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात फार पूर्वीपासून वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा उच्च रक्तदाबावरील उपयोग एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हा घटक वेगळा करण्यात आला. स्वीडनचे अर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये हेच रेसरपिन सशांना दिले, तेव्हा ससे निश्चल होऊन पडले. ज्यापासून मेंदूत डोपामिन तयार होते ते एल-डोपा टोचताच ते पुन्हा हिंडूफिरू लागले. डोपामिन हा मेंदूतील एक स्वतंत्र चेतासंदेशवाहक आहे, हे या मार्गाने उमगले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. कार्लसन यांचे ससे उदास झाले नव्हते. त्यांना हालता येत नव्हते. कंपवातात हेच घडते, कारण त्या रोगात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात.

दुसरा पुरावा १९८९ चा. केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांच्या मेंदूतील डोपामिन जवळजवळ संपवले. असे उंदीर समोर अन्न असूनही त्याकडे जात नाहीत. भरवले नाही तर उपाशी मरतात. पण त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले, तर ते पूर्वीसारखेच मिटक्या मारतात. म्हणजे गोडाचा आनंद शिल्लक होता; त्याच्याकडे जाण्याची ओढ गेली होती. पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरील प्रयोगांत दाखवले की, अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की डोपामिन पेशी जोरात संदेश देतात. रस येणार हे एखाद्या खुणेवरून कळू लागले की त्या खुणेलाच प्रतिसाद देतात आणि ठरलेला रस मिळाला नाही तर क्षणभर मंदावतात. हे आनंदाचे मोजमाप नव्हे. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातील तो फरक आहे.

तेव्हा एका मराठी शब्दात सांगायचे तर डोपामिनचे नाते 'आनंद' या शब्दापेक्षा 'उमेद' या शब्दाशी अधिक जवळचे आहे. तोही शब्द पुरता बसत नाही, कारण हालचाल आणि शिकणे ही कामेही डोपामिनकडे आहेत. पण तो मुलांना योग्य दिशेला तरी नेतो.

तक्त्यातील आणखी एक शब्द तपासण्याजोगा आहे : 'संप्रेरक'. संप्रेरक रक्तात मिसळते आणि शरीरभर फिरते, म्हणून त्याची 'पातळी' मोजता येते. मेंदूतील डोपामिन मात्र चेतासंदेशवाहक म्हणून काम करते. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांपैकी डोपामिन बनवणाऱ्या मध्यमेंदूतील पेशी केवळ काही लाख. त्यांचे धागे निरनिराळ्या भागांत जातात आणि प्रत्येक ठिकाणी डोपामिन केव्हा आणि किती सुटावे हे तेथील परिस्थितीवर ठरते. डोक्यात डोपामिनची एक टाकी आहे आणि ताण आला की तिची पातळी खाली जाते, हे चित्र पहिल्याच पायरीवर कोसळते.

आता ताणाकडे येऊ. ताण आला की अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल स्रवते, हे आपण शिकवतो. त्या ग्रंथीला हुकूम देते पीयूषिका, आणि पीयूषिकेला हुकूम देतो अधश्चेतक. अधश्चेतकाकडून निघणारा हा निरोप कोणता, याचा शोध दीर्घकाळ चालला. असा पदार्थ असला पाहिजे याचा प्रायोगिक पुरावा १९५५ साली मिळाला; पदार्थ हाती लागायला १९८१ साल उजाडले. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखो मेंढ्यांच्या अधश्चेतकांमधून तो वेगळा केला. ४१ अमिनो आम्लांची ती एक छोटी साखळी, म्हणजेच पेप्टाइड, निघाली. तिचे नाव कॉर्टिकोट्रॉपिन मुक्त करणारा घटक. इंग्रजी आद्याक्षरांवरून सीआरएफ.

या पेप्टाइडचे काम पीयूषिकेला निरोप देण्यावर संपत नाही, हे लवकरच कळले. ते मेंदूच्या इतरही अनेक भागांत तयार होते आणि तेथल्या तेथे काम करते. ज्या भागांत डोपामिनचा व्यवहार चालतो तेही त्यांत आले. तक्त्याप्रमाणे पाहिले तर ताणाच्या पेप्टाइडने तेथे डोपामिन कमी करायला हवे. प्रत्यक्षात काय दिसले?

२०१२ साली 'नेचर' या नियतकालिकात अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लेमॉस, फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आमच्या मते विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घेण्यासारखा आहे. न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स हा मेंदूचा भाग ओढ आणि बक्षीस यांच्याशी निगडित आहे. ज्या उंदरांना आधी कसलाही मोठा ताण दिलेला नव्हता, त्यांच्या या भागात सीआरएफमुळे डोपामिनचे स्रवण वाढले. घटले नाही, वाढले. एवढेच नव्हे, तर ज्या कप्प्यात असताना सीआरएफ दिले गेले, तो कप्पा उंदीर नंतर आपणहून पसंत करू लागले. ताणाचे पेप्टाइड त्यांना हवेसे वाटत होते.

मग काही उंदरांना तीव्र ताण देण्यात आला. बाहेर पडता येणार नाही अशा पाण्यात त्यांना दोन दिवस पुन्हा पुन्हा पोहायला लावले. त्यानंतर सीआरएफ दिले, तर डोपामिन वाढेना. आणि ज्या कप्प्यात ते दिले जाई तो कप्पा उंदीर आता टाळू लागले. पेप्टाइड तेच, मेंदूचा भाग तोच, परिणाम मात्र उलटा. हा बदल किती दिवस टिकला? संशोधकांनी ९० दिवसांपर्यंत पाहिले. तोवर पूर्वस्थिती परतली नव्हती. प्रयोगशाळेतील उंदराचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे धरले, तर ९० दिवस म्हणजे त्याचा सुमारे आठवा हिस्सा. दोन दिवसांच्या पाण्याची ही नोंद.

पण गोष्ट येथेही संपत नाही. २०१३ साली वानाट, फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, घुशीएवढ्या मोठ्या जातीच्या उंदरांत हेच सीआरएफ मध्यमेंदूत, म्हणजे डोपामिन पेशी जेथे असतात तेथे दिले, तर अन्न मिळाल्यावर होणारे डोपामिनचे स्रवण घटते आणि अन्नासाठी कष्ट करण्याची तयारीही घटते. मात्र अन्न येणार असल्याच्या खुणेला मिळणारा प्रतिसाद तसाच राहतो. म्हणजे धाग्याच्या टोकाशी एक परिणाम, पेशीच्या मुळाशी दुसरा. याशिवाय डायनॉर्फिन नावाचे आणखी एक पेप्टाइड ताणात सुटते. ते डोपामिनच्या धाग्यांवरील कॅपा नावाच्या ग्राही रेणूंना चिकटून स्रवण कमी करते. तेव्हा 'ताणाने डोपामिन कमी होते' हे विधान सर्वस्वी खोटेही नाही. ते कोठे, केव्हा आणि कशानंतर हे तीन शब्द गाळून केलेले विधान आहे. हेच गाळणे आम्हाला आक्षेपार्ह वाटते.

मराठवाड्यातील मुलांना हे समजावणे अवघड नाही. जूनमधला पाऊस पेरलेले सोयाबीन उगवतो; ऑक्टोबरात काढून ठेवलेल्या सोयाबीनवर तोच पाऊस पडला तर शेंगा कुजतात. 'पाऊस पिकाला चांगला की वाईट?' या प्रश्नावर शेतकऱ्याचे मूल आधी विचारेल, 'कधीचा पाऊस?' रसायनाबद्दलही त्याने हेच विचारावे, एवढे आपण शिकवू शकलो तरी पुष्कळ झाले.

येथवर वाचून एखाद्या उत्साही वाचकाला वाटेल की, तक्ता चुकला, पण आता खरे उत्तर सापडले. भूकंपातून वाचलेल्यांच्या किंवा कर्जात बुडालेल्यांच्या मेंदूत २०१२ च्या त्या उंदरांसारखी काही कळ फिरली असणार! आमचा दुसरा आक्षेप या घाईला आहे, आणि तो पहिल्यापेक्षा लहान नाही.

एक तर हे प्रयोग उंदरांवरील आहेत आणि अशा प्रयोगांत दीर्घकाळ प्रामुख्याने नर प्राणीच वापरले गेले. जिवंत माणसाच्या मेंदूत एखाद्या जागी सीआरएफ सोडून तेथे डोपामिनचे काय होते हे पाहता येत नाही. दुसरे, उंदरापासून माणसापर्यंतची वाट किती निसरडी आहे याचे उदाहरण याच पेप्टाइडने दिले आहे. सीआरएफचा एक ग्राही रेणू अडवला तर नैराश्य आणि चिंता कमी होतील, अशा आशेने अनेक औषधे तयार झाली. प्राण्यांत ती आशादायक वाटली; माणसांवरील चाचण्यांत त्यांनी निराशा केली. या जातीच्या औषधाला अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली ती २०२४ च्या डिसेंबरात, क्रिनेसरफॉन्ट या नावाने. आणि तीही मनाच्या आजारासाठी नव्हे, तर अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात विकारासाठी. रेणू ओळखीचा झाला म्हणून दुःख ओळखीचे झाले असे नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. उंदराला पाण्यातून बाहेर काढले जाते. प्रयोग संपतो, तेव्हा ताणही संपतो. शेतकऱ्याचे कर्ज, नापिकी, मुलीच्या लग्नाचा खर्च यांना कोणी प्रयोगकर्ता थांबवत नाही. अशा माणसाला 'तुझे डोपामिन कमी झाले आहे' असे सांगणे म्हणजे पाण्यात असलेल्याला कोरडे वाटत नसल्याबद्दल त्याच्या मेंदूला दोष देणे होय. दुष्काळाचे कारण मेंदूत नाही. त्याचा परिणाम मेंदूवर होतो, आणि तो औषधाने, समुपदेशनाने, आधाराने हलका करता येतो. त्यासाठी उपचार घेण्यात कमीपणा मुळीच नाही. पण परिणामावरील उपचार आणि कारणावरील उपाय या दोन गोष्टी आहेत. दोन्ही लागतात. एकीच्या नावाने दुसरी टाळता कामा नये. तक्ता दुसरीबद्दल एक अक्षरही बोलत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मोठ्या आपत्तीतून गेलेली सगळी माणसे कायमची मोडत नाहीत. बहुसंख्य माणसे काही काळाने सावरतात, हे जगभरच्या अनुभवातून दिसले आहे. सास्तूर परिसरातील माणसे नव्या वसाहतींत राहिली, त्यांनी शेती केली, मुले शिकवली. त्यांना 'बिघडलेल्या मेंदूची पिढी' म्हणणे हे विज्ञानही नव्हे आणि सौजन्यही नव्हे.

मग उंदरांच्या त्या प्रयोगाचा वर्गात उपयोग काय? आमचे उत्तर मर्यादित आहे. समोरच्या मुलाच्या मेंदूत काय चालले आहे, हे तो प्रयोग सांगत नाही. मात्र आपण जे फार खात्रीने बोलतो, त्या खात्रीचा आधार तो काढून घेतो. शाळेत आपण बक्षिसावर बरेच विसंबतो : पहिला आलास तर वही, पाढे म्हटलेस तर शाबासकी. वर्गात एखादे मूल असे असते की, त्याला वहीही ओढत नाही आणि शाबासकीही नाही. नवा प्रयोग, सहल, स्पर्धा यांनी इतर मुले फुलतात. हे मूल मागे सरते. 'आळशी आहे', 'कशाचेच काही वाटत नाही' हे शेरे आपल्या तोंडी तयार असतात. पण जी गोष्ट एकाला पुढे खेचते तीच दुसऱ्याला मागे ढकलू शकते, आणि हा फरक स्वभावाचा नसून पूर्वी काय घडून गेले त्याचा असू शकतो, एवढी शक्यता तरी आता आपण नाकारू शकत नाही. शेरा लिहिण्यापूर्वी घरी काय झाले हे विचारायला कोणताही रेणू ठाऊक असावा लागत नाही. पण रेणूची गोष्ट ठाऊक असली तर न विचारण्याची सबब उरत नाही.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, झोप-जेवण बिघडले असेल, जगण्याविषयी निराशेने बोलत असेल, तर पालकांशी बोलून त्याला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागापर्यंत पोहोचवावे. २०२२ पासून 'टेली मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे. तेथे मराठीत बोलता येते. तक्त्याच्या तळाशी आणखी एक चित्र छापण्याऐवजी हा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापला असता तर त्या जागेचे अधिक सार्थक झाले असते.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम सुचवतो. तक्ता भिंतीवरून काढू नका. त्यावरील प्रत्येक वाक्यापुढे एक कोरा कागद चिकटवा आणि विद्यार्थ्यांना चार प्रश्न लिहायला सांगा : हे कोणत्या प्राण्यात पाहिले? मेंदूच्या कोणत्या भागात? त्याआधी त्या प्राण्याचे काय झाले होते? आणि हे माणसाला लागू आहे असे कशावरून म्हणता? काही कागद कोरेच राहतील. ते तसेच राहू द्यावेत. वर्षभरात कोणी वाचून आले तर भरेल. शेवटी विद्यार्थ्यांनी ताणाचा कप्पा स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहावा. आमच्या दृष्टीने तो काहीसा असा होईल : 'ताणात मेंदूत अनेक पेप्टाइडे सुटतात. ती डोपामिनचे स्रवण कोठे वाढवतात, कोठे घटवतात; आणि तीव्र ताण येऊन गेला असेल तर तेच पेप्टाइड वेगळे वागू शकते. हे प्राण्यांत दिसले आहे. माणसाच्या बाबतीत आधी त्याला विचारावे.'

हे वाक्य तक्त्यातल्या वाक्यापेक्षा लांब आहे आणि चित्रात बसवायला अवघड आहे. पण सास्तूरच्या किंवा परंड्याच्या वर्गात ते मोठ्याने वाचले, तर ऐकणाऱ्यांपैकी कोणाला आपल्या घरातील माणसाविषयी खोटे सांगितल्यासारखे वाटणार नाही.